नवा बॉल पायथन घरी आणलाय? आधी हे वाचा 🐍

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा बुजरा अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन घट्ट वेटोळं करतो.

पहिला आठवडा त्याला अजिबात हात लावू नका. पाणी बदला आणि बाजूला व्हा. पेटीत लपायला दोन जागा हव्यात. उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सियस, थंड बाजूला २५ ते २७.

खाणं: उंदीर सापाच्या सर्वात जाड भागाएवढाच असावा. पिल्लाला ५ ते ७ दिवसांनी, मोठ्याला २ ते ४ आठवड्यांनी. गोठवलेला उंदीर फ्रीजमध्ये वितळवा, मग गरम पाण्यात उबदार करा. मायक्रोवेव्ह नको. वरच्या ओठावरच्या खाचांनी साप उष्णता ओळखतो, त्यामुळे गार उंदीर तो बऱ्याचदा नाकारतो. लांब चिमट्यानेच द्या. जिवंत उंदीर सापालाच चावतो.

नाही खाल्लं? घाबरू नका, आठवड्याने पुन्हा द्या. वजन लिहून ठेवा. ते घटत असेल तर पशुवैद्याकडे न्या.

हाताळणी: दोनदा नीट खाल्ल्यावर सुरू करा. डोक्यावरून झडप घालू नका. बाजूने हात नेऊन अख्ख्या अंगाला आधार द्या. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. खाल्ल्यावर ४८ तास आणि कात टाकण्याआधी डोळे निळसर झाले की उचलू नका. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा.

भारतात पाळत असाल, तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करा. आणि आपला भारतीय अजगर पाळणं गुन्हा आहे, तो जंगलातच राहू द्या.