आरक्खसंपदा : टाइमशेअर विकताना घ्यावयाची खबरदारी

दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाने एकदा तथागतांना विचारले, की आम्ही मुलाबाळांत राहणारी संसारी माणसे, आमचे हित कशात आहे? तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या : उट्ठानसंपदा, आरक्खसंपदा, कल्याणमित्रता आणि समजीविता. यांतील आरक्खसंपदा म्हणजे कष्टाने मिळविलेल्या धनाचे रक्षण. पहिल्या गोष्टीवर आपल्या समाजाने पुष्कळ मेहनत घेतली. दुसरीकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले आहे.

गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक बँकेच्या काउंटरवर आले आणि म्हणाले, "भाऊ, अठरा हजार पाचशे या खात्यावर पाठवून द्या." मी विचारले, "गुरुजी, कुणाला पाठवता?" ते संकोचले. त्यांच्याजवळ टाइमशेअरचे एक जुने प्रमाणपत्र होते. फोनवरील माणसाने तीन लाखांचे गिऱ्हाईक तयार असल्याचे सांगितले होते. फक्त 'नोंदणी शुल्क' आधी भरायचे होते.

टाइमशेअर म्हणजे काय, ते आधी पाहू. पर्यटनस्थळावरील हॉटेलात दरवर्षी ठराविक दिवस राहण्याचा हक्क पुढील कित्येक वर्षांसाठी आगाऊ विकत घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. बहुतेक ठिकाणी देखभालीची वार्षिक रक्कम वेगळी भरावी लागते. असा हक्क घेणे सोपे, पण विकणे कठीण. तयार गिऱ्हाईक नसते आणि मिळाले तरी किंमत बरीच उतरलेली असते. विकणाऱ्याच्या या अडचणीवरच ठगांचा धंदा चालतो.

आपल्या महाराष्ट्राला याचा मोठा अनुभव आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड या कंपनीने हॉटेलातील मुक्कामाच्या रात्री विकण्याच्या नावाने पैसे गोळा केले. मुक्काम न केल्यास मुदतीनंतर वाढीव रक्कम मिळेल, असे योजनेत होते. नोंदणी न करता चालविलेली ही सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असे सेबीने 2016 साली ठरविले आणि पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम सात हजार कोटींच्या वर होती व गुंतवणूकदार पन्नास लाखांहून अधिक. 2015 साली रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपनीवरही सेबीने असाच आदेश काढला.

अशा योजनांत एजंट पुष्कळदा ओळखीचा, नात्यातला असतो. त्यामुळे लोक विश्वास ठेवतात आणि पैसे अडकल्यावर लाजेने बोलत नाहीत. मग दुसरी चोरी सुरू होते. "तुमचे प्रमाणपत्र विकून देतो", "अडकलेली रक्कम सोडवून देतो" असे फोन येतात. आधी शुल्क, नंतर कर, नंतर मुद्रांक अशी मागणी वाढत जाते आणि शेवटी फोन बंद होतो. पीएसीएल प्रकरणात न्यायमूर्ती लोढा समितीलाही जाहीर सांगावे लागले, की समितीने मागितल्याशिवाय मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हाती देऊ नका.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1. विकणाऱ्याला पैसे मिळायचे असतात. मध्यस्थ आधी पैसे मागत असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

2. हक्क दुसऱ्याच्या नावे करता येतो का, त्याचे शुल्क किती, देखभालीची बाकी किती, हे करारपत्रावरील पत्त्यावर कंपनीलाच लेखी विचारावे. शुल्क भरायचे ते कंपनीकडेच, पावती घेऊन.

3. मोबाईलवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. ओटीपी कुणालाही सांगू नये.

4. गिऱ्हाईकाने जास्त रकमेचा चेक देऊन "वरचे परत पाठवा" म्हटले, तर चेक वटल्याची खात्री बँकेत केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

5. रिझर्व्ह बँक किंवा सेबीच्या नावाने शुल्क मागणारे पत्र आले, तर ते बनावट समजावे.

6. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर कळवावे, आपल्या बँकेला सांगावे व पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. जितका उशीर होईल तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते.

कालामांना तथागतांनी सांगितले होते, की कुणी सांगितले म्हणून, ऐकीव आहे म्हणून काहीही मानू नका. स्वतः पारखून घ्या. ही शिकवण आपल्या बँकेच्या पासबुकालाही लागू आहे. शिकलेल्या मुलामुलींनी घरातील अशी कागदपत्रे एकदा वाचून पाहावीत आणि आईवडिलांना दोष न देता समजावून सांगावे.

त्या दिवशी गुरुजींचे पैसे वाचले. जाताना ते म्हणाले, "घरी कुणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती." फसवणाऱ्याला हेच हवे असते. विहारात आपण दर रविवारी एकत्र बसतो. तेथे वंदनेनंतर अशी गोष्टही निःसंकोच बोलावी. कल्याणमित्र असतात ते याचसाठी.

जयभीम!