आवाज कुठून नाही, कधी येतो?

बाबांची जुनी बाइक कॉलेजसाठी मिळाली, की तिच्यासोबत एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे आवाज. आधी तो फक्त तुम्हालाच ऐकू येतो. मग मागे बसणारा मित्र विचारतो, "काय वाजतंय रे?" शेवटी गॅरेजमधले दादा एक चक्कर मारून येतात आणि सांगतात, "इंजिन उघडावं लागेल." झालं! पुढच्या दोन महिन्यांचा पॉकेटमनी तिथेच आडवा.

थांबा. 'उघडा' म्हणण्याआधी गाडीला स्वतःचा अर्धा तास द्या. कारण इंजिन उघडायचा खर्च चेन-सेट बदलण्याच्या कितीतरी पट असतो, आणि चेनचा आवाज भल्याभल्यांना इंजिनचा वाटतो.

असं का होतं? आवाज लोखंडातून प्रवास करतो. चेन सैल झाली, की ती पत्र्याच्या कव्हरला आपटते, कव्हर वाजतं, फ्रेम थरथरते आणि सीटवर बसलेल्या तुम्हाला वाटतं, आवाज पायाखालून येतोय. म्हणून आवाज कुठून येतो, हे कानाला विचारू नका. तो कधी येतो, ते बघा.

पहिली चाचणी उभ्या गाडीवर. न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. इथेच आवाज आला आणि रेसबरोबर वाढला, तर संशय इंजिनवर. क्लच दाबल्यावर तो बदलला किंवा थांबला, तर क्लच किंवा गिअरबॉक्सकडे बघायला हवं. उभ्या गाडीत काहीच वाजलं नाही, तर पुढे चला.

दुसरी चाचणी सकाळी, मोकळ्या रस्त्यावर. ताशी ३० किलोमीटरचा वेग ठेवा, आधी तिसऱ्या गिअरमध्ये आणि मग चौथ्यात. चाक तितकंच फिरतंय, पण इंजिनचे फेरे कमी झालेत. आवाजाचा सूर उतरला, तर तो इंजिनशी बांधलेला आहे. सूर तसाच राहिला, तर चेन, चाक किंवा ब्रेक. क्लच दाबून गाडी नुसती सरकू द्या. आवाज वेगाबरोबरच कमी होत गेला, तर उत्तर आणखी पक्कं. ब्रेक हलकेच दाबल्यावर तो बदलला, तर आधी ब्रेक उघडून बघायला सांगा.

तिसरी गोष्ट म्हणजे भार. त्याच गिअरमध्ये रेस सोडा, परत द्या. प्रत्येक वेळी 'खट्' झालं, तर चेन सैल असेल किंवा मागच्या हबमधली धक्का झेलणारी रबरं झिजली असतील.

आता गाडी सेंटर स्टँडवर घ्या. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चावी खिशात. हे विसरू नका. चालू इंजिनवर चेनला हात लावणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये गेलेली आहेत. टायरवर खडूने खूण करा आणि चाक हाताने फिरवत आवाज मोजा. एका फेरीत एकदाच 'टिक' होत असेल, तर दोष चाकात, ब्रेकच्या ड्रममध्ये किंवा टायरमध्ये अडकलेल्या खड्यात. एका फेरीत साधारण तीनदा होत असेल, तर पुढचं छोटं स्प्रॉकेट बघा, कारण मागच्याचे दात त्याच्या जवळपास तिप्पट असतात. आणि दोन-अडीच फेऱ्यांत एकदाच वाजत असेल, तर चेनची एखादी कडी जॅम झालीय. पूर्ण चेन फिरून यायला तेवढ्या फेऱ्या लागतात.

चेन झाकलेली असेल, तर कव्हरवरचं रबरी बूच काढा आणि चेन वर-खाली हलवून बघा. बहुतेक कम्युटर बाइकला २० ते ३० मिलिमीटरचा ढिलेपणा चालतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. चाक थोडं-थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी तपासा. एके ठिकाणी घट्ट आणि दुसरीकडे लोंबती, म्हणजे चेन असमान झिजलीय. नुसती ताणून काही उपयोग नाही. बदलायची, तर दोन्ही स्प्रॉकेटसकट, कारण जुने दात नवीन चेन लवकर खातात.

शेवटी मागचं चाक वरून-खालून धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखडलं, तर चाकाचं बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे बुश. अशी गाडी चालवू नका. घसरून जाणारी चेनही तशीच. ती तुटून चाकात अडकली, तर मागचं चाक जागीच लॉक होतं.

स्कूटरवाल्यांनो, तुमच्याकडे चेन नाही, बेल्ट आहे. कमी वेगात खडखड असेल, तर व्हेरिएटरचे रोलर झिजलेले असू शकतात. निघताना गाडी थरथरत असेल, तर क्लच बघा. वेगाबरोबर वाढणारी 'घूं घूं' असेल, तर मागच्या गिअरचं ऑइल आणि बेअरिंग तपासायला सांगा. हे कव्हर घरी उघडायच्या भानगडीत पडू नका.

एवढं केल्यावर तुम्ही मेकॅनिक होणार नाही, व्हायचंही नाही. पण गॅरेजमध्ये "दादा, काहीतरी वाजतंय" म्हणणं वेगळं, आणि "दादा, तिसऱ्या-चौथ्यात सूर तोच राहतो, क्लच दाबला तरी जात नाही, रेस सोडली की खट् होतं" म्हणणं वेगळं. चांगल्या मेकॅनिकचा अर्धा वेळ त्यातच वाचतो. आणि तरीही कुणी थेट इंजिनच उघडायला निघालं, तर शांतपणे विचारा, "आधी चेन बघूया का?"