मीडियम वेव्हचा हरवलेला कान

पूर्वी रात्री मीडियम वेव्हवर काटा फिरवला की शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं लागत. दिवसा या लहरी शोषून घेणारा आयनांबराचा खालचा थर रात्री विरतो आणि वरचा थर त्यांना पुन्हा जमिनीकडे धाडतो. ही सोय आजही तशीच आहे. बिघडलाय तो रेडिओ.

जुना ट्रान्झिस्टर उघडून पाहावा. वरच्या कडेला काळसर फेराइट रॉड, त्यावर बारीक तारेची वेटोळी, हलू नयेत म्हणून मेणाने बसवलेली. मीडियम वेव्हची एरियल ती हीच. बाहेर ओढायची लांब दांडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. मुंबईच्या अस्मिता वाहिनीची 558 किलोहर्ट्झची लहर सुमारे 538 मीटर लांब, आणि ती पकडायची या एवढ्याशा रॉडने! म्हणून त्याची लांबी मोलाची. जनरल इलेक्ट्रिकच्या ‘सुपररेडिओ’त तो सुमारे 20 सेंटिमीटरचा होता, दूरची स्टेशनं ऐकणाऱ्या अमेरिकन शौकिनांनी तो सेट डोक्यावर घेतला. आजच्या छोट्या सेटमध्ये रॉड जेमतेम बोटाएवढा असतो. चिप कितीही चांगली असली, तरी ती सिग्नलबरोबर खरखरही वाढवते.

मग फिल्टर. आपल्याकडे मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांत 9 किलोहर्ट्झचं अंतर. शेजारचं स्टेशन घुसू नये म्हणून फिल्टर अरुंद ठेवतात, आणि स्वस्त सेटमध्ये तीनेक किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जवळपास कापलाच जातो. बातम्यांतले ‘स’ आणि ‘श’ एकसारखे वाटू लागतात, अभंगातल्या टाळांची धार जाते. मीडियम वेव्हवरचं हे एएम प्रसारण म्हणजे कोंदटच, असं ऐकणाऱ्याला वाटतं. हा स्टेशनवर अन्याय आहे. तिथून निघालेला आवाज याहून पुष्कळ मोकळा असतो.

त्यात घरातला गोंगाट. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, त्याची घरघर नेमकी याच पट्ट्यात उमटते. स्वस्त चार्जर प्लगमधून काढला की कित्येकदा स्टेशन स्वच्छ होतं. रेडिओ जागच्या जागी फिरवूनही फरक पडतो, कारण रॉडच्या टोकाच्या दिशेने येणारं त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही.

विजेवरच्या मोटारींत हाच उपद्रव मोठा. बीएमडब्ल्यूने आय-3 मोटारीतून एएम वगळलं, टेस्लानेही. 2023 मध्ये फोर्ड त्याच वाटेवर होती. पण आणीबाणीच्या सूचना एएमवरून दूरवर पोचतात, म्हणून अमेरिकेत लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला आणि कंपनीने निर्णय फिरवला. ज्या विद्युत मोटारी एएमविना विकल्या होत्या, त्यांत ते सॉफ्टवेअर अपडेटने देऊ, असं तिने जाहीर केलं.