झेवियर्स: शिक्षक स्वतः काय शोधतायत?

उचगावहून बोलतोय. बारावीनंतर मी सरळ बीटेकला गेलो. आर्ट्स म्हणजे मार्क कमी पडलेल्यांची जागा, असं तेव्हा डोक्यात पक्कं होतं. आज ही समजूत खोडणारं एक कॉलेज बघू: मुंबईचं सेंट झेवियर्स.

१८६९ मध्ये जर्मन जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, ते सुरू केलं. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन फादरांना शत्रूदेशाचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं, मायदेशी पाठवलं. शिकवणारेच गेले, तरी कॉलेज टिकलं! १९१९ मध्ये स्विस फादर ब्लॅटर प्राचार्य झाले. त्यांनी १९०६ मध्ये सुरू केलेला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आजही तिथे आहे.

मग स्पेनचे फादर आले. हेरास यांनी १९२६ मध्ये भारतीय इतिहासाची संशोधन संस्था काढली. सांतापाव खंडाळ्याच्या डोंगरात झाडं अभ्यासत फिरले आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले.

बघा, ही माणसं नुसती पुस्तकातलं शिकवत नव्हती, स्वतःही शोधत होती. २०१० मध्ये कॉलेज स्वायत्त झालं, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच्या.

आता ॲडमिशन घेणाऱ्यांनो, पॅकेज किती मिळतं ते जरूर विचारा. पण इथले सर-मॅडम स्वतः काय शोधतायत, हेही विचारा. मी विचारलं नव्हतं.