शाळा कोणासाठी, भाषा कोणाची?

आम्हा सीमाभागातील मराठी भाषकांना हैदराबाद परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे, बिदर, गुलबर्गा आणि आदिलाबाद यांची राजधानी तीच होती. देगलूर, धर्माबाद, भालकीकडील माणूस आजही पोटापाण्यासाठी तिकडेच जातो. मुले बरोबर नेली की पहिला प्रश्न शाळेचा! इमारत, फी आणि निकाल पाहून आपण शाळा निवडतो. ती शाळा कोणासाठी निघाली आणि तिच्यात आपली भाषा आहे काय, हे मात्र विचारायचे राहून जाते.

निजामी राजवटीत याची उत्तरे स्पष्ट होती. बेगमपेठेतील आजचे हैदराबाद पब्लिक स्कूल १९२३ मध्ये जहागीरदारांच्या मुलांसाठी निघाले. विलायतेतील ईटनचा आदर्श त्यापुढे होता. जहागिऱ्या गेल्यावर १९५१ मध्ये ते 'पब्लिक' झाले. सरकारी शाळांत माध्यमिकपासून पुढे उर्दूचे राज्य होते. उस्मानिया विद्यापीठही उर्दूचेच. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी बहुसंख्य प्रजा ज्ञानाच्या दाराबाहेर उभी होती.

याच काळात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी हैदराबादेत विवेक वर्धिनी उभी केली. गुलबर्ग्यात १९०७ मध्ये नूतन विद्यालय निघाले. जहागीरदारांच्या शाळेला राजाश्रय होता, या शाळांना लोकाश्रय. मराठी टिकली ती अशा शाळांमुळे.

आज काय स्थिती आहे? तेलंगणाने २०१८ च्या कायद्याने तेलुगू शिकवणे सक्तीचे केले. कर्नाटकाने २०१५ मध्ये कन्नडसाठी, महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी तसेच कायदे केले. राज्यभाषा शिकण्यास आमचा विरोध नाही. ज्या मातीत भाकरी मिळते तिची भाषा यावीच. परंतु तेलुगू सक्तीने आणि इंग्रजी हौसेने आली, तर मराठीला जागा कोठे?

ही जागा घटनेने दिली आहे. कलम ३५०-क अन्वये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय राज्याने करावयाची आहे. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मापही ठरवले: वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असली की त्या भाषेचा शिक्षक द्यावा. दाद मागण्यासाठी कलम ३५०-ख अन्वये भाषिक अल्पसंख्याकांचा खास अधिकारी आहे.

म्हणजे प्रश्न दहा नावांचा आहे! एकट्या बापाचा अर्ज टेबलावर पडून राहतो, दहा पालकांच्या सह्यांचा अर्ज दडपणे कठीण जाते. म्हणून शाळांची तुलना करताना फीबरोबर हेही विचारा, की येथे मराठी आहे काय? नसेल तर वस्तीतील मराठी घरे मोजा, नावे लिहा, सह्या घ्या. निजामाच्या राज्यात आपल्या वडीलधाऱ्यांनी शाळा उभारल्या. लोकशाहीत आम्हाला एक शिक्षक मागता येऊ नये काय?