तो टोप, ती टोपी, ते हेल्मेट

“आजी, माझी हेल्मेट कुठाय?” बंगळुरूत जयनगरच्या घरात नात रोज सकाळी असं ओरडते आणि मी सवयीनं ओरडते, “माझं!” जन्मभर मुद्रितं तपासली, कान कसे गप्प बसतील?

पण चूक तिची एकटीची नाही. डोक्यावर चढतं ते ‘टोपी’, म्हणून स्त्रीलिंगी, असा तिचा हिशोब. मराठीत या एका घराण्यात तिन्ही लिंगं नांदतात. मोठा तो टोप, लहान ती टोपी, बाळाचं ते टोपडं. विभक्ती लागली की टोपाला, टोपीला, टोपड्याला. (कोकणात टोपात भातही शिजतो, ते वेगळं.) गंमत म्हणजे ‘हेल्मेट’ही मुळात टोपीसारखंच: ‘हेल्म’ म्हणजे शिरस्त्राण, त्याला फ्रेंच वळणाचं लघुत्वाचं शेपूट. आपल्याकडे मात्र ते नपुंसकलिंगी झालं, बहुधा शिरस्त्राणाच्या लिंगावर. अनेकवचनी आम्ही ‘हेल्मेटं’ म्हणतो, पण ‘हेल्मेटाला’ म्हणायला जीभ वळत नाही, ‘हेल्मेटला’च येतं. पाहुणा अजून घरचा झालेला नाही.

शिरस्त्राण संस्कृतातलं, ‘शिरस्’ आणि ‘त्राण’ म्हणजे रक्षण. चपलांनाही आपण त्याच न्यायानं पादत्राणं म्हणतो. जिरेटोपातल्या जिऱ्याचा फोडणीशी संबंध नाही. फारसीत ‘झिरिह’ म्हणजे कड्यांचं चिलखत. 1638 मध्ये विजापूरकरांनी बंगळुरू घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर दिलं. त्यांच्या सरदारांची चिलखतं इथल्याच उन्हात तापली असतील, आता आमची डोकी तापतात. मोटार वाहन कायद्याच्या 129व्या कलमानं दुचाकीवर शिरस्त्राण सक्तीचं आहे, पगडी बांधलेल्या शिखांना सूट. कर्नाटकानं जानेवारी 2016 मध्ये मागे बसणाऱ्यांवरही कडक अंमल सुरू केला, म्हणून माझंही आलं. ते घातलं की कानात फक्त माझाच श्वास ऐकू येतो.

कन्नडमध्ये हा वादच नाही. माणसं आणि देव सोडले तर सगळं नपुंसकलिंगी. ‘टोपी हाकु’ म्हणजे मात्र तिथंही टोपी घालणं, म्हणजे फसवणं, मराठीसारखंच.

काल नात स्कूटर काढत होती. मी तिला म्हटलं, “अगं, ते नीट बांध.” ती म्हणाली, “ती नीटच आहे.” फाटकावरचा रखवालदार हसून मला म्हणाला, “अज्जी, हेल्मेट हाक्कोळ्ळी.” माझं माझ्या हातातच होतं.