पाट्यावर चाललेली धारणी
धारणीत गाडी बंद पडली की सामान आणायला अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि मधे सगळा मेळघाट. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल करत येणाऱ्या या रस्त्यावर नव्वदच्या दशकात कमांडर आणि ट्रॅक्स या जीपगाड्यांचंच राज्य होतं. बाजाराच्या दिवशी आत माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, टपावर पोती. एवढा भार पेलून स्प्रिंगचा पाटा तुटणार नाही तर काय! मग चिठ्ठी आणि पैसे एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे आणि सामानाची वाट बघायची. नाहीतर देडतलाईमार्गे सरळ बऱ्हाणपूर गाठायचं.

पण वाट बघणं परवडायचं कोणाला? तुटलेल्या पाट्याच्या जागी दुसऱ्या गाडीचा पाटा भट्टीत तापवून, बाक देऊन बसायचा. गॅस्केट नसेल तर मिस्त्री जाड कागद थेट हाऊसिंगवर ठेवी आणि कडेकडेने गोल तोंडाची हातोडी हलकेच ठोकत जाई. धातूची कड कागद कापत जायची, बोल्टची भोकंही तशीच पडायची. ‘नवा कायले पायजे?’ हा वर ठेवणीतला सवाल.

या हातांचं कौतुक आपण भरपूर करतो. माझ्या मते निम्मं श्रेय मात्र जीपच्या बांधणीचं. महिंद्राने विलिजची जीप उचलली आणि दशकानुदशकं तिचा सांगाडा फारसा बदललाच नाही. ऐंशीच्या दशकात एमएम 540 मध्ये प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन आलं, तेही पान्यांनी उघडणारं. त्यामुळे गॅरेजमागे गवतात उभी मेलेली जीप म्हणजे गोदामच.

ते गोदाम आटलं. 1 एप्रिल 2017 ला देशभर धुराचे बीएस-4 नियम आले, 2020 ला बीएस-6. इंजिनाचा कारभार सेन्सरकडे गेला. 2022 च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे 600 चे 5,000 रुपये झाले. पुढच्या वर्षी पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपली; त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यायच्या, म्हणजे त्यांचं सामानही गावात फिरणार नाही. धूर कमी होतो हे खरं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा हिशेब करताना घाटापलीकडच्या गॅरेजचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

बोलेरोला मागे अजून पाटेच आहेत. तेवढं काम इथे होतं. इंजिनाचा दिवा लागला, की स्कॅनरसाठी गाडी घाट उतरते.